शेप्याचा मोहोर

कोथरूड
११ जानेवारी २०२५

मामा, नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. आई आहे तशीच आहे. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तुमचा आवाज ऐकल्यावर तिला काहीतरी बोलायचं होतं, शब्द निघेना, आणि मग ती दिवसभर जेवली नाही. म्हणून ठरवलं की माहेरचं सगळं आता कागदावर. मी तिला वाचून दाखवीन, मग ती कागद हातात धरून बसेल.

एक मागणं आहे. मागू की नको असं करत दोन कागद फाडले.

मी ज्या वृद्धांच्या केंद्रात काम करते तिथे मला पलंगावरून न उठणाऱ्यांसाठी बाहेरचं आत आणायचं असतं. ओली माती, चुरगळलेली पानं, झाडाची साल, पाण्यातले गोटे. त्यांनी हात लावायचा, वास घ्यायचा, डोळे मिटून बसायचं. प्रशिक्षणात याला भलंमोठं नाव होतं. केंद्रातल्या आनंदीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आज पालापाचोळा वाटताय? झाडूवाली संपावर आहे वाटतं." पण गवती चहाची पात त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

मग घरी आले आणि लाज वाटली. परक्यांना मी रान नेऊन देते आणि माझी आई तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी बघत असते. इमारतीला लिफ्ट नाही. झटका आल्यापासून ती जिना उतरलेली नाही. उजवं अंग गेलंय, आणि तोंडातून एका वेळी एकदोन शब्दच निघतात.

परवा एक नवा शब्द निघाला. "शेप्या."

केंद्रात मला समजावून सांगावं लागलं, की शेप्या म्हणजे आमच्या मामांच्या विहिरीजवळचा आंबा. कलमी नव्हे, रायवळ, म्हणून त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याच्या कैरीला, मोहोराला, पानालासुद्धा शेपूच्या भाजीचा वास.

तुम्हाला जमेल तेव्हा सीतारामभाऊंच्या भाजीच्या टेम्पोतून शेतातलं थोडं काही पाठवाल? ते मंडईला जाताना आमच्यावरूनच जातात. सोबत आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी देतेय. फवारलेलं काही नको, आईचे हात तोंडाकडे जातात. आणि जमणार नसेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

तुमची
उत्कर्षा


ओढेवाडी
१८ जानेवारी

उत्कर्षा पोरी,

मामाला मागणं मागायला दोन कागद फाडतीस व्हय गं? लई शिकलीस बघ. आपल्या घरात तू पयली कालेजात गेलीस, पण येडी ती येडीच.

आक्काला सांग, शेप्या ठणठणीत हाय. यंदा मोहोर असा धरलाय की पान दिसंना. पिशवीत मोहोर हाय, निर्गुडीचा पाला हाय, आन् तळाला आपल्या रानातली माती बांधल्याली हाय. तिला म्हणावं, हात घाल आन् बांधावर बसल्यागत बस.

आक्काचा डावा हात नीट चालतोय ना? बोटं हलत्यात? अंगठा? सविस्तर कळव. मला हिकडं घोर लागून ऱ्हातो. फोन करत न्हाय म्हून समजू नको की मामा इसरला.

तुझा मामा
गेनबा


कोथरूड
२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचून दाखवलं. माती तिने पोटावर घेतली आणि त्यात बोटं खुपसून बसली. निर्गुडी नाकाशी धरली. मोहोर मात्र एकदाच हुंगला, डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटतं, फारच आठवण आली. चूक माझी. सगळं एकदम द्यायला नको होतं. केंद्रात मी असं कधी करत नाही, घरी घाई केली.

उरलेला मोहोर केंद्रात नेला. सगळ्यांना सांगितलं, हा आमच्या मामांच्या झाडाचा. आनंदीबाई म्हणाल्या, "मामांना म्हणावं, पुढच्या वेळी झाडच पाठवा." त्यांच्याकडून एवढं म्हणजे कौतुकच.

अंगठ्याचं विचारलंत, बरं वाटलं. डॉक्टरांशिवाय कुणी असं बारीक विचारत नाही. डाव्या हाताचा अंगठा सगळ्यात चांगला आहे! ती मटार सोलते, पदर धरते, माझा कान पिरगाळते.

एक शंका. मातीत पिवळट मुरमाचे खडे लागले. मी लहानपणी खेळायचे ती माती काळी, लोण्यासारखी होती ना? कदाचित मला नीट आठवत नसेल. आणि पाला रबराने बांधला होता. आजी केळीच्या सोपाच्या दोरीने बांधायची म्हणून लक्षात आलं, एवढंच. नावं ठेवत नाहीये.

पिशवी रिकामी परत पाठवू नये, म्हणून आईने तिच्या हाताने मूठभर तांदूळ घातलेत. थोडे सांडले. सांडलेलेही उचलून घालायला लावले मला.

उत्कर्षा


ओढेवाडी
१२ फेब्रुवारी

पोरी,

तू कालेजात गेलीस का पोलिसात? इहीर उपसली औंदा, तिचा गाळ रानात टाकला, त्यातलं मुरूम. आन् केळ ऱ्हायलीच न्हाई हिकडं, डुकरं खात्यात. म्हून रबर.

तांदूळ तुझ्या मामीनं देव्हाऱ्यात ठिवले.

अंगठ्याचं वाचून लई बरं वाटलं. जपा तिला.

आता कामाचं. तुझे आजोबा गेले तवा आक्का तोंडानं म्हणाली व्हती, "गेनबा, मला शेत नको, वाटा नको. शेप्या तेवढा ठेव, मी आले की त्याच्याखाली बसंन." भणी सोडत्यातच वाटा, म्हायेर ऱ्हावं म्हून. पर आक्कानं तेवढी एक अट घातली, आन् मी शब्द दिला. आता चहूबाजूंनी बिल्डर उठल्यात. उद्या मी न्हाई, तर ह्या झाडाचं काय? म्हून म्हणतो, ती बोली कागदावर घेऊ. आक्कानं वाटा सोडला आन् शेप्या तिच्यासाठी राखला, असं लिहायचं. आजारी माणसाचा अंगठा घ्याया रजिस्ट्रार हापिसातनं साहेब घरी येत्यात. तिला जिना उतरायला नको.

तू शिकल्याली हायेस. तिला नीट समजावून सांग.

मामा


कोथरूड
२० मार्च

मामा,

उत्तराला उशीर झाला. आईला ताप होता, आता उतरलाय. तुमच्या पिशव्या मात्र येत राहिल्या. तापातही ती मातीची पुरचुंडी उशीखालून काढू देत नव्हती.

कागदाचं वाचून मला रडू आलं. आजच्या काळात कोण झाडासाठी कागद करतं? मी आईला सगळं शब्दशः वाचून दाखवलं. तिने मग मातीतला एक खडा काढला आणि माझ्या हातात ठेवला. का, ते कळलं नाही.

मला एक सुचलंय. आई अंगठा देते म्हणजे वाचून सांगायची जबाबदारी माझी. ती माझ्या डोळ्यांनी वाचते, म्हणून मला फार भीती वाटते. एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. तेव्हा हा अंगठा घरी पलंगावर नको. तिला शेप्याखाली बसवू आणि तिथेच घेऊ. ज्याचं लिहितोय ते तिला दिसू दे, हात लावू दे. केंद्रातले दोघे वॉर्डबॉय खुर्ची उचलायला तयार आहेत, गाडीही मिळेल. मी रिकामी खुर्ची घेऊन जिन्यावर सराव करून घेतला. दुसऱ्या मजल्याचं वळण अवघड आहे, पण जमेल.

शेवटच्या पिशवीतल्या कैरीला शेपूचा वास नव्हता. मला नाही आला. सर्दी झाली होती, म्हणून असेल.

तारीख तुम्ही सांगा.

उत्कर्षा


ओढेवाडी
२८ मार्च

उत्कर्षा,

तुझं वय न्हान हाय म्हून तुला सगळं सोपं दिसतंय. आजारी बाई खुर्चीत घालून जिन्यावरनं न्यायची? पडली तर? लोक मला इचारतील.

आन् आत्ता न्हाईच जमायचं. शेप्यावर आग्या मोहळ बसलंय, माणूस जवळ जाऊ शकत न्हाई. रस्ता बी खणलाय. पावसाळा सरू दे, मग बघू.

कैरीचं म्हणशील तर अवकाळी पाऊस पडला, वास धुवून गेला. असं व्हतं कधीकधी.

साहेबाला एप्रिलात पाठवतो. तेवढं आटपून घ्या.

मामा


कोथरूड
१४ एप्रिल

मामा,

रागावू नका. तुमची काळजी खरी आहे, पण मीही विचार केलाय. आग्या मोहळासाठी माहितगार माणूस शोधून ठेवलाय. जिथे रस्ता खणलाय तिथून खुर्ची उचलून नेऊ. आई झाडापासून लांब बसली तरी चालेल, नुसतं दिसलं तरी पुरे.

केंद्राची गाडी अक्षय्य तृतीयेला मोकळी आहे, नंतर बरेच दिवस मिळणार नाही. साहेबांना त्याच दिवशी शेतावर बोलवाल का? अंगठा झाडासमोर होईल. तुमचं काही म्हणणं असेल तर लगेच कळवा. उत्तर आलं नाही तर होकार समजते.

खरं तर आईच "नको" म्हणते आहे. मी जायचं बोलले की मान हलवते, "नको, नको." जिन्याला घाबरते. मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे.

उत्कर्षा


कोथरूड
२ मे

गेनबा मामा,

तुमचं उत्तर आलं नाही. आम्ही गेलो होतो.

सगळं नीट झालं. वळणावर खुर्ची टेकली नाही की हिसका बसला नाही. खाली उतरल्यावर आईने कुंडीतल्या तुळशीला हात लावला. गाडीत तिने खिडकी उघडी ठेवायला लावली. कोथरूड संपेपर्यंत ती बाहेर बघत होती. ओढेवाडीचा फाटा आला आणि तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ऊन लागतंय.

मोहळ नव्हतं. मोहळ बसायला काही नव्हतंच. जिथून आपलं शेत सुरू व्हायचं तिथून निळे पत्रे लावलेत, ओढ्यापर्यंत. पत्र्याच्या फटीतून बघितलं. विहीर राहिलेली नाही. तिच्या जागी एवढा मोठा खड्डा आहे की तळाला उभा असलेला माणूस लहान पोरासारखा दिसत होता. खड्ड्याच्या कडांना पिवळा मुरूम. तो मला ओळखीचा होता. तुम्ही पाठवलेल्यापैकी माती तेवढी खरी निघाली.

पत्र्यावर मोठं हिरवं झाड रंगवलंय. आईने बोट दाखवून विचारलं, "काय?" तिला वाचून दाखवणं माझं काम. मी वाचलं, "निसर्गाच्या कुशीत, तीन खोल्यांची घरं."

गेटवरच्या माणसाला विचारलं, आंब्याचं झाड कधी तोडलं? म्हणाला, "लई दिस झालं ताई, दिवाळीच्या आधीच. बुंधा असा जाड की दोन यंत्रं लागली. मालक स्वतः उभे होते." मालक म्हणजे तुम्ही.

दिवाळीच्या आधी. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा शेप्या नव्हताच. मोहोर नव्हता, कैरी नव्हती, अवकाळी पावसाने धुतलेला वास नव्हता. जे झाड तुम्ही पाडून टाकलंत, ते राखायला म्हणून आईचा अंगठा मागत होतात. आणि अंगठा चालतो का, हे तुम्ही सगळ्यात आधी विचारलं होतंत. मी खुशीत मटार सोलल्याचं लिहिलं.

समोरच्या पानटपरीमागे तुम्ही उभे होतात. मी टोपी ओळखली. आईनेही ओळखली. तिने डावा हात वर केला. तुम्ही वळून चालायला लागलात. हात बराच वेळ वर होता, मामा. शेवटी मी खाली घेतला.

घरी आल्यावर तिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मोहोर," ती म्हणाली.

पहिल्याच पिशवीत, एकदा हुंगून. तेव्हापासून तिला माहीत होतं. मी ठणठणीत शेप्याची पत्रं मोठ्याने, तिला कळावं म्हणून सावकाश वाचत होते आणि ती ऐकून घेत होती. तुमचं खोटं तिला माझ्या आवाजात ऐकावं लागलं. "मग बोलली का नाहीस?" मी ओरडले. आजारी आईवर ओरडले.

"भाऊ," ती म्हणाली.

एवढंच. मला दोघांपैकी कुणाचा जास्त राग आलाय ते कळत नाही.

केंद्रातही मी सगळ्यांना सांगितलं, की तो मोहोर आमच्या झाडाचा नव्हता. न सांगता चाललं असतं, पण मला झोप लागली नसती. आनंदीबाई म्हणाल्या, "आम्ही घेतला तो वास खराच होता. नातं तुमचं खोटं निघालं, त्याला आम्ही काय करणार?"

उत्कर्षा


ओढेवाडी
९ मे

उत्कर्षास,

मामाला आसं लिहितात का? तू शिकलीस म्हून तुला बोल सापडत्यात. माझं ऐक आता.

शेत ऱ्हायलं व्हतं कुठं? चारी बाजूला इमारती. इहिरीत त्यांच्या गटाराचं पाणी. ऊस लावला तर पोरं पतंग काढाया तुडवायची. सगळी भावकी देऊन बसली, मी एकला त्या एका झाडासाठी अडून बसू? सही करून आलो आन् रातभर शेप्याखाली बसलो, हे कुणी बघितलं न्हाई.

आक्काला कसं सांगू? ती अंथरुणाला खिळल्याली. तुझं पत्र आलं, "शेप्या" म्हणाली म्हून. तू सांग, मी काय लिवायचं व्हतं? तोडला? मोहोरासाठी एका बंगल्याच्या वॉचमनच्या पाया पडलो. कैऱ्या मार्केट यार्डातनं आणल्या, हुंगून हुंगून, की कुठल्या पाटीत शेप्याचा वास घावतो. हमाल हसत व्हते. हे नुसतं कागदासाठी न्हाई केलं. तुला पटंल न पटंल.

टपरीमागं व्हतो. आक्काचा हात दिसला. पाय पुढं न्हाई आले.

पर कागद पायजे. बिल्डरचा वकील अडून बसलाय, भणीचा अंगठा असल्याबिगर पुढचं पैसं देत न्हाई. माझ्या पोरीचं, वैष्णवीचं लगीन ठरलंय, त्यावरच सगळं. आक्का कधी माझा शब्द खाली पडू देणार न्हाई. साहेब १९ तारखेला येतील. तू मधी पडू नको. हे भाऊभणीचं हाय.

हापूस पाठवलाय. चांगला हाय, देवगडचा.

मामा


कोथरूड
२० मे

मामा,

मी मधे पडले नाही. तुमचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वॉचमनचं, हमालांचं, टपरीचं, वैष्णवीच्या लग्नाचं, सगळं. कुठे आवाज चढवला नाही, कुठे गाळलं नाही. तुम्ही हुंगून हुंगून कैऱ्या शोधल्यात तिथे ती थांबवून म्हणाली, "परत." मी परत वाचलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, कारण खरं आहे.

काल साहेब आले. भला माणूस. बूट बाहेर काढून ठेवले, पलंगाशेजारी स्टुलावर बसले. कागदात शेप्याचं नाव कुठेच नव्हतं. मी सगळा कागद आईला वाचून दाखवला आणि अवघड शब्दांचा अर्थ साहेबांना विचारून सांगितला. मला भीती होती की ती देऊन टाकेल. तितकीच भीती होती की देणार नाही आणि मग तुमच्या घराचं जे होईल ते तिला जन्मभर लागेल. पण मी एक शब्द माझ्या पदरचा घातला नाही.

साहेब म्हणाले, "आजी, कळलं ना? खुशीने देताय ना?"

आईने उशीखालून मातीची पुरचुंडी काढली आणि डाव्या मुठीत घट्ट धरली. अंगठा आत. साहेबांनी शाईची डबी उघडून ठेवली, वाट बघितली. मग ती बोलली. झटका आल्यापासून एका दमात एवढे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

"शेप्या आण. अंगठा घे."

साहेबांना वाटलं, शेप्या कुणी माणूस असावा. त्यांनी डबी मिटली, कागद पिशवीत घातले आणि उठता उठता मला म्हणाले, "ताई, हे शेप्या म्हणजे साक्षीदार का? मग त्यांना हजर करायला सांगा. आजींचा आग्रह दिसतो."

आई हसली. वाकड्या तोंडाने, पण मोठ्याने.

निरोप मी जसाच्या तसा तुमच्याकडे पोचवते आहे.

सीतारामभाऊंच्या हाती लुगड्याची पिशवी परत करते. त्यांना सगळं ठाऊक होतं वाटतं, ते माझ्याकडे बघत नाहीत. पिशवी रिकामी पाठवायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून तुमचे हापूस तसेच आत आहेत. माती आईने ठेवून घेतली आहे.

उत्कर्षा